हार्लनचं पिस्तूल

व्हर्डा स्कॉगिन्सनं तीस वर्षांत ठासणीची तेवीस पिस्तुलं जमवली होती. सगळी खिशात मावणारी, पाच बारांची, अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या आगेमागे घडवलेली. टेनेसीतल्या त्या डोंगरी गावात बाईमाणसाचा हा नाद बघून आधी लोक हसले. पुढे तेच लोक नळीवरचा आकडा अस्सल की मागून ठोकलेला, हे विचारायला तिच्या दारी येऊ लागले.

चोविसावं पिस्तूल तिनं विकत घेतलं नव्हतं. पणजोबाचं ते पिस्तूल भावानं, हार्लननं, मरायच्या आठवडाभर आधी तिच्या हातात ठेवलं. पोटच्या पोराला, क्लीटला, दिलं नाही. क्लीट चाळिशीचा, दांडगा गडी. बापाचा जबडा त्यानंच एकदा मोडला होता.

हार्लनला पुरून तीन आठवडे झाले आणि शनिवारी भर दुपारी क्लीट आला. व्हर्डा चुलीपाशी होती. एक गंजकी नळी पातेल्यात उकळत होती. उकळल्यानं लाल गंज काळा पडतो, मग घासला की निघतो. पणजोबाचं पिस्तूल टेबलावरच होतं.

"माझ्या बापाची वस्तू तुझ्या टेबलावर कशी गं, आत्या?"

"त्यानं दिली म्हणून."

"म्हातारा भ्रमिष्ट झाला होता."

"जबडा कुणी मोडला, तेवढं मात्र पक्कं आठवत होतं त्याला."

क्लीटनं पिस्तूल उचललं. व्हर्डानं त्या पिस्तुलाची नळी धरली. "ठेव खाली!" त्यानं हिसडा दिला आणि पिस्तुलाची मूठ तिच्या मनगटावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. ती खाली बसली तरी तो थांबेना. दुसरा घाव कानशिलावर बसला, तिच्या डोळ्यांत रक्त ओघळलं. तिसऱ्यासाठी हात वर गेला तेव्हा तिनं डाव्या हातानं पातेलं ओढलं आणि त्याच्या तोंडावर भिरकावलं.

ती किंकाळी पलीकडच्या शेतापर्यंत गेली. क्लीट भिंतींना धडकत अंगणात पडला. व्हर्डा त्याच्यामागून सरपटत गेली, नळाची रबरी नळी ओढली आणि त्याच्या तोंडावर गार पाणी सोडत राहिली. "डोळे उघड, मेल्या! उघड डोळे!" शेजारी गाडी घेऊन येईपर्यंत ती त्याला शिव्या देत होती आणि रडत होती.

त्याचा डावा डोळा गेला. कोर्टात तिनं घडलं ते सांगितलं, पदरचं काही घातलं नाही. त्याला चार वर्षांची कैद झाली. तिचं मनगट वाकडंच राहिलं.

शरदात नॉक्सव्हिलला जुन्या पिस्तुलांच्या प्रदर्शनात ऑरव्हिल प्रुइट नावाचा दलाल तिच्या टेबलावर रेलला. "हार्लनच्या पिस्तुलाच्या मुठीवरचं रक्त पुसलं नाहीस ना? दुप्पट भाव येईल बघ."

व्हर्डानं त्याची कॉलर धरून त्याला टेबलावर आडवा पाडला. डाव्या हाताची मूठ त्याच्या जबड्यावर रोखलेली होती. प्रुइट घाबरून म्हणाला, "व्हर्डा, अगं, चेष्टा केली!"

तिनं स्वतःच्या मुठीकडे पाहिलं. हार्लनची मूठ अशीच उठायची, क्लीटचीही. तिनं कॉलर सोडली, पिस्तुलं एकेक करून पेटीत भरली आणि बाहेर गाडीत जाऊन बसली. वाकड्या मनगटानं गाडीची किल्ली फिरेना, तेव्हा तिनं डाव्या हाताची मूठ उघडली आणि त्या हातानं ती फिरवली.