आबांच्या मागांवर आज बारी कोणाची?

एक काम करा. डोळे मिटा, पण कान उघडे ठेवा. समजा, तुम्ही बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यातल्या एका अरुंद गल्लीत राहता. सकाळ झाली आहे आणि घराघरांत यंत्रमाग चालू झाले आहेत. पाहुण्याला ती सगळी एकच खटखट वाटते. तुमचा जन्म मात्र याच गल्लीतला. त्यातून डॉक्टरांनी तुम्हाला धावायला मनाई केली आहे, म्हणजे ऐकत बसण्याखेरीज दिवसभर दुसरं काम नाही. अशा मुलाला हळूहळू घरोघरचे माग ओळखू येऊ लागतात. शेजारच्या गोटूच्या घरचे माग सदा घाईत. समोरच्या कौतिकआबांचे माग जुने. मधूनच ते म्हाताऱ्या माणसासारखे खोकतात.

अमृताला हे सगळं ओळखू यायचं. तिच्या हृदयाला जन्मापासून एक बारीकसं भोक होतं. इंदूरचे डॉक्टर म्हणाले होते, आता ऑपरेशन लांबवू नका.

या गल्लीत एक रीत होती. कोणाच्या घरी दुखणं आलं, की शेजारी आपलं काम आवरून त्या घरचे माग चालवायचे. कापड पुरं व्हायचं आणि मजुरी त्याच घरी जायची. याला बारी म्हणत. अमृताचे पप्पा भूपेंद्र तिला घेऊन इंदूरला गेले, की त्यांच्या मागांवर बारी लागायची. सर्वांत जास्त वेळा येत ते कौतिकआबा. आबा एकटेच होते. बायको वारली होती, मुलगा सुरतेला होता. बारीला येताना ते अमृतासाठी केळीचे वेफर्स आणायचे आणि म्हणायचे, “तू खा. मला कुठं दात आहेत?”

पण बारीनं चूल पेटते. ऑपरेशन होत नाही. मोफत उपचाराचं सरकारी कार्ड गल्लीतल्या काही घरांना मिळालं होतं. अमृताच्या घराला मिळालं नव्हतं.

मग एक विमा कंपनी आली. ती म्हणाली, अख्ख्या गल्लीचा आरोग्य विमा एकत्र काढू. जुनी दुखणीही त्यात धरू. पण एक अट आहे. प्रत्येक घरानं हप्ता भरून आत आलं पाहिजे. एक जरी बाहेर राहिलं, तरी विमा नाही.

अशी अट का, ते सांगतो. फक्त आजारी माणसांनीच विमा काढला, तर खर्च भागणार कसा? धडधाकट माणसंही आत असली, तर सगळ्यांचं मिळून एकाचं दुखणं निभतं. पण धडधाकट माणूस विचारतो, मी आजारी नाही, मग माझ्यावर सक्ती का? हे भांडण आपल्या गल्लीपुरतं नाही. दूरदूरच्या देशांत यावरून निवडणुका लढल्या गेल्या आहेत, आणि दोन्ही बाजूंना शहाणी माणसं आहेत.

गल्लीतल्या मंडळाच्या ओट्यावर बैठक भरली. सुनंदाबाईंच्या, म्हणजे आईच्या, पाठीमागे अमृता बसली होती.

“दुखणं एका घरात आणि भुर्दंड सगळ्या गल्लीला?” गोटूची आई म्हणाली.

“वहिनी, उद्या तुमच्या घरात आलं म्हणजे?” मंडळाचे लीलाधरभाऊ म्हणाले.

“तोंडात साखर पडो तुमच्या!”

लोक हसले. कुरकुर करत का होईना, एकेक हात वर गेला. गोटूच्या आईचाही गेला. कौतिकआबांचा मात्र मांडीवरच राहिला.

“काय आबा, हात दुखतो का?” लीलाधरभाऊंनी विचारलं.

“हात चांगला आहे रे भाऊ. जबरदस्ती नाही पटत.” आबा भूपेंद्रकडे वळले. “तुझ्या घरी मी बारीला आलो, ते कोणी हुकूम केला होता का? मनानं आलो. उद्या सगळं कंपनी बघणार म्हटल्यावर कोण कोणाच्या दारात येईल? मग बारी संपली समज.”

भूपेंद्र उभे राहिले. “आबा, तुमचं मन मोठं आहे. पण दरवेळी तुम्हाला बोलवायला येतो, तेव्हा माझी मान खाली असते. ती तुम्हाला कधी दिसली नाही. मला पोरीसाठी उपकार नको आता. हक्काचं काहीतरी पाहिजे.”

आबांचा हात तरीही वर गेला नाही. बैठक मोडली.

त्या दिवसापासून गल्लीनं आबांशी बोलणं टाकलं. आणि मुलांनी अमृताशी. तिला पळता येत नसे, म्हणून लगोरीत ती नेहमी पंच असायची. आता गोटू म्हणाला, “आम्हाला पंच नको. तुझ्यामुळे घराघरांत झगडे चालू आहेत, मम्मी सांगते.”

मग अमृता आपल्या दारात बसू लागली. समोरच्या दारात आबा बसायचे. मधली गल्ली एवढी अरुंद, की आबांच्या चहाचा वास हिच्या ओट्यावर यायचा. तरी ती तिकडे पाहत नसे. या एका माणसाच्या ‘हो’वर आपलं ऑपरेशन अडलं आहे, हे तिला माहीत होतं. आबाही पाहत नसत.

एका सकाळी ती उठली तर खटखटीत काहीतरी कमी होतं. खोकणारे माग गप्प होते. समोरचं दार नुसतं लोटलेलं होतं आणि ओट्यावर कालचा पेपर तसाच पडला होता. दुपारपर्यंत कोणी तिकडे फिरकलं नाही.

अमृता गल्ली ओलांडून आत गेली. आबा खाटेवर पडले होते. अंग तापलं होतं.

“कोण? अमू?” आबा भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “हात वर करा म्हणून सांगायला पाठवलं का तुला?”

“नाही. तुमचे माग बंद का?”

“ताप आहे बेटा.”

“मग बारीला कोण आलं?”

आबा म्हणाले, “ज्याचा हात वर नाही, त्याच्याकडे कोण येणार?”

तिनं माठातलं पाणी त्यांना दिलं. पेला खाली ठेवून ती घरी आली. पप्पा मागापाशी उभे होते, सूत घेऊन धोटा इकडून तिकडे धावत होता. चालत्या मागाला मुलांनी हात लावायचा नाही, हा घरातला पहिला नियम. अमृतानं हँडल ओढलं. माग थांबला.

“डोकं फिरलं का तुझं?” पप्पा ओरडले.

“आबांना ताप आहे. आज बारी कोणाची?”

“त्यांनी तुझ्यासाठी हात वर केला नाही, माहीत आहे ना?”

“माहीत आहे,” अमृता म्हणाली. “बारी कोणाची?”

उत्तरासाठी ती थांबली नाही. पुन्हा गल्ली ओलांडून ती आबांच्या उंबऱ्यावर जाऊन बसली आणि कान देऊन ऐकू लागली. गोटूच्या घरचे माग घाईत होते. पलीकडचेही चालू होते. तिनं थांबवलेला पप्पांचा माग मात्र अजून पुन्हा सुरू झाला नव्हता.

ती उंबऱ्यावर जराशी सरकून बसली, एका माणसाला आत जाता येईल इतकी.