इराचा नमस्कार

दुबईतल्या मराठी मंडळाच्या 'घरात मराठीच' या मोहिमेची प्रमुख होती अनुपमा, आणि तिथल्याच करामा भागातल्या तिच्या घरात पाच वर्षांची इरा मराठीचं अक्षर उच्चारत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आईने मराठीत विचारायचं आणि लेकीने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे सगळ्यांच्याच घरी चालतं; त्याचं तिला काही वाटत नव्हतं. पण एकदा स्वतःच्या आजारपणात अनुपमा आठवडाभर घरी राहिली, आणि इरा रुसते, भांडते, बाहुलीला दटावते ती चक्क सिंहलीत, हे तिने कानांनी ऐकलं. तळपायाची आग मस्तकात गेली.

सिंहली आली कुठून, हे काय विचारायचं? इराला सांभाळणारी श्रियानी श्रीलंकेतल्या कुरुनेगलची. अनुपमाची बाळंतपणाची रजा संपली त्या दिवशी ती कामाला आली. तेव्हापासून इराला न्हाऊ घातलं तिने, भरवलं तिने, निजवलं तिने. आई ऑफिसातून येईपर्यंत पोर झोपलेली असायची. मग तिने बोलायचं तरी कुणाच्या भाषेत? पण मोहिमेच्या प्रमुखांना असले प्रश्न पडत नसतात.

"तिचा व्हिसा रिन्यू करायचा नाही. खलास!" अनुपमाने नवऱ्याला बजावलं. "मला माझी मुलगी परत हवीय."

"आणि तिला बघणार कोण?" सुजीत म्हणाला.

"मी. वर्क फ्रॉम होम घेते. सहा महिन्यांत पोपटासारखी मराठी बोलेल, बघ तू."

श्रियानीने हे ऐकून नुसती मान हलवली. इरा आकांडतांडव करील अशी अनुपमाला धास्ती होती, पण ती फक्त "ओके" म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. पोरं किती लवकर विसरतात, असं अनुपमा मग मैत्रिणींना सांगत सुटली.

जायच्या दिवशी सकाळी श्रियानीची बॅग दाराशी आली. खाली टॅक्सी उभी होती. तेवढ्यात इरा देवघरातली विड्याची पानं घेऊन आली. आईपुढे तिने गुडघे टेकले, दोन्ही हातांनी पानं तिच्या हातात दिली आणि कपाळ तिच्या पायांवर टेकवलं. मग बाबांनाही तस्साच नमस्कार केला.

अनुपमाला भरून आलं. एरवी आजीला नमस्कार करायचा तर चॉकलेट कबूल करावं लागायचं. तिने लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुखी राहा गं, बाळा. तुझ्या मनात असेल तसं सगळं होऊ दे. सुजीत, फोटो काढ ना, मंडळाच्या ग्रुपवर टाकू!" आणि श्रियानीकडे वळून म्हणाली, "देखा? इसको बोलते हैं संस्कार!"

श्रियानी तोंडाला पदर लावून रडत होती.

"मॅडम, मैं नहीं सिखाया. मैं अपना घर छोडके दुबई आया ना, तब मेरी माँ को ऐसा किया था. वो स्टोरी बस बोला था इसको. हमारे उधर जो घर छोडके जाता है, वो माँ-बाप को ऐसा पान देता है."

अनुपमाने खाली पाहिलं. इराच्या पायांत बूट होते. पाठीवरचं दप्तर कपड्यांनी फुगलं होतं, आणि ती श्रियानीच्या बॅगेचा दांडा धरून दाराकडे निघाली होती.

तिला अडवायला अनुपमाने तोंड उघडलं. पण आशीर्वाद तर देऊन झाला होता.