एक्केचाळिसावं पान, नववी ओळ

दारावर घंटा नाही. घंटेच्या जागी स्क्रूची दोन भोकं आणि खाली चिठ्ठी: घंटा बिघडलेली नाही, काढली आहे.

शहरातल्या एका दातांच्या डॉक्टरला दर वर्षी परदेशातून अभिनंदनाची पत्रं येतात. चार वर्षांपूर्वी एका वर्तमानपत्राने या घरातल्या गणितज्ञाचा म्हणून चुकून त्याचा फोटो छापला. तेव्हापासून सगळे तोच छापतात.

"भाऊ काय करतो हो तुमचा?"
"घरी असतो."
"अरेरे." आणि दुकानदाराने गणितज्ञाच्या ताईच्या पिशवीत दोन लिंबं जास्त घातली.

घरात खुर्च्या दोन. तिसरी होती, पण तिच्यावर पाहुणे बसायचे.

पान एक्केचाळीस, ओळ नऊ: "हे उघड आहे."

ते उघड नव्हतं.

घुम्याला हे कळलं तेव्हा तो दाढी करत होता. घुम्या हे ताईने लहानपणी ठेवलेलं नाव. आता तो बावन्न वर्षांचा आहे. सहा वर्षांपूर्वी त्याने गणितातलं एक जुनं, भल्याभल्यांना न सुटलेलं कोडं सोडवलं होतं, एकशे बारा पानांत. चार परीक्षकांनी दोन वर्षं लावून ती पानं तपासली, शाबासकी दिली, आणि नियतकालिकाने छापली. त्यानंतर सतरा जणांनी त्या पायावर आपापले मजले चढवले. आणि आता, उजव्या गालाला साबण तसाच असताना, त्याला दिसलं की नवव्या ओळीतून दहाव्या ओळीत जायला वाट नाही. तिथे चक्क खड्डा आहे.

तो तसाच बाहेर आला. "ताई, चुकलं."

"अर्धीच राहिलीय. पूर्ण कर, मग बोल."

त्याने संपादकाला लिहिलं: सिद्धता अपूर्ण आहे, कृपया तसं छापा. संपादकाचं उत्तर आलं: आपला विनय आम्हां सर्वांना लाजवणारा आहे. त्याने पुन्हा लिहिलं, पान आणि ओळ देऊन. उत्तर आलं की ते पत्र चौकट करून कार्यालयात लावलं आहे. तिसऱ्या पत्राला उत्तर म्हणून आला तो थेट पुरस्कार. त्या विषयातला सगळ्यात मोठा.

यात दोष त्याचाच होता. आजवर त्याने पाच पुरस्कार नाकारले होते, दोन पदव्या परत पाठवल्या होत्या आणि एका सभागृहाला स्वतःचं नाव देऊ दिलं नव्हतं. कारण विचारलं तर त्याच्याकडे कारण नसायचं. लोक बघायला लागले की त्याला घरी जावंसं वाटायचं, एवढंच. आता पहिल्यांदाच नकाराला सज्जड कारण होतं, आणि त्याच्या नकाराला कुणी भीक घालायला तयार नव्हतं.

मग पुरस्कार समितीचा सचिव स्वतः आला. हाही गणिताचाच माणूस, गोरटेला, घामेजलेला, काखेत फाइल. घंटा शोधण्यात त्याची बरीच मिनिटं गेली.

"सर, नाही म्हणू नका. या वेळी तरी."

"दहावी ओळ कशी आली ते सांगा, लगेच हो म्हणतो." घुम्याने कागद आणि पेन्सिल पुढे सरकवली आणि स्वतः उभा राहिला, कारण दुसऱ्या खुर्चीवर ताई भाजी निवडत होती.

सचिवाने पाहिलं. हसला. पुन्हा पाहिलं. हसणं जरा कमी केलं.

"हे तर... उघडच आहे की, सर."

"कसं?"

"म्हणजे, बघा ना." त्याने एक रेघ मारली, खोडली. चष्मा पुसला. पंचवीस मिनिटं झाली. ताईची जुडी संपली.

"चहा टाकू का तुम्हाला?" ताईने विचारलं.

"टाकाच." सचिव पेन्सिल खाली ठेवत म्हणाला. "काय आहे, सर, तुमच्यासारख्या माणसाला जे उघड वाटलं..."

"मला वाटत नाही."

"तेव्हा वाटलं होतं ना?"

"तेव्हा मी गाढव होतो."

"बघा!" सचिव ताईकडे वळला. "हाच मोठेपणा!"

"मोठेपणा कसला," ताई म्हणाली. "गाढवपणा आहेच त्याच्यात. मी चाळीस वर्षं सांगतेय. पण माझं कोण छापतंय?"

चहा पिऊन सचिव उठला. दारात पोचला तेव्हा मागून घुम्या म्हणाला, "येतो मी."

"कुठे?"

"तुमच्या समारंभाला. तिथे बोलू देतात ना?"

सचिवाच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईने उचललेली कपबशी परत खाली ठेवली.

बूट घ्यावे लागले. कोटाची बाही ताईने दोनदा आत घेतली आणि दोन्ही वेळा म्हणाली, "भाषण लांबवू नकोस." त्याने लांबवलं नाही. बाराशे माणसांसमोर तो एवढंच म्हणाला: "पान एक्केचाळीस, ओळ नऊ. तिथे चूक आहे. सिद्धता पूर्ण झालेली नाही. ज्यांनी त्यावर पुढचं काम केलंय, त्यांनी थांबावं. हा पुरस्कार मी घेऊ शकत नाही."

आधी पहिली रांग उठली. मग सगळे उठले. टाळ्या अकरा मिनिटं चालल्या. तो हात हलवून "नाही, नाही" म्हणत होता. छायाचित्रकारांना ती मुद्रा फार आवडली. अध्यक्षांनी मिठी मारून सन्मानचिन्ह त्याच्या कोटाच्या खिशात कोंबलं.

टाळ्या न वाजवणारा माणूस एकच होता. सचिव. त्याने बाहेरच्या व्हरांड्यात घुम्याला गाठलं.

"सर, त्या चार परीक्षकांमधला एक मी."

घुम्या थांबला.

"ती ओळ मला कळली नव्हती. पण वाटलं, बाकीच्या तिघांना कळली असेल. आणि तुम्ही 'उघड' लिहिलेलं. विचारायचं तरी कसं? लोक म्हणाले असते, याला एवढंही येत नाही."

"बाकीच्या तिघांनाही हेच वाटलं असणार."

"असेल."

"हे लेखी द्या."

"लेखी?" सचिवाने मागे वळून सभागृहाकडे पाहिलं. आत अजून टाळ्यांचा आवाज होता, आता त्या अध्यक्षांसाठी होत्या. "लेखी कसं देऊ, सर? मुलीचं लग्न आहे, पुढच्या वर्षी विभागप्रमुख व्हायचंय."

घुम्याने खिशातून सन्मानचिन्ह काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. सचिवाने ते घेतलं नाही. घुम्यानेही परत खिशात घातलं नाही. ते खिडकीच्या कठड्यावर राहिलं.

घरी ताई जागीच होती. "काय म्हणाले?"

"उभं राहून टाळ्या वाजवल्या."

"म्हणजे पटलं?"

"नाही."

"मग आता रे?"

"आता तो खड्डा मलाच बुजवायचा. दुसरं कुणी तिकडे बघणारही नाही." त्याने बूट काढले, टेबलाशी बसला आणि कोरा कागद ओढला. ताईने दुसरी खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली, म्हणजे कुणी आलंच तर बसणार नाही.

तो शोधनिबंध सहा वर्षांपूर्वी ताईनेच टाइप केला होता. एक्केचाळिसाव्या पानावर थांबून तिने विचारलं, "हे उघड आहे म्हणजे कुणाला?" आणि तो म्हणाला, "तू पुढे टाइप कर."