मोईज मास्तरचा डावा हात

मोईज मास्तरची सारी जिंदगी पेटीवर गेली. उजवा हात सुरांवर, डावा भात्यावर. पेटीवाल्याचा डावा हात म्हणजे घाण्याचा बैल. हवा मारायची, बस. गाण्याशी त्याचं घेणं ना देणं.

अन् आज मास्तर खामगावातल्या एका शाळेच्या हॉलात पियानोसमोर बसला होता.

नागपूरच्या यास्मीन मॅडम पुस्तक काढत होत्या. इकडच्या बायांच्या गाण्यांवरून पियानोचे तुकडे. शिकणाऱ्या पोरांसाठी सोपे, हात बसलेल्यांसाठी अवघड. मास्तरनं मोबाईलवर पाहून पाहून नोटेशन शिकलं अन् अकरा सोपे तुकडे लिहिले. ते मॅडमले पसंत पडले. बारावा अवघड होता, खऱ्या दोन हातांचा. त्याच्यावर मास्तरनं दोन वर्षं घासली होती. मॅडमची अट एकच, लिहिणाऱ्यानं स्वतः वाजवून दाखवायचं. नाही आलं तर तुकडा पुस्तकात नाही.

गाणं होतं रुखमाबाईचं. मलकापूरच्या रस्त्यावरल्या वडनेर भोलजीची बाई, कापूस वेचणारी. सूर चुकला तर टोकायले मास्तरनं तिले सोबत आणलं होतं. खुर्ची सोडून ती खालीच बसली.

मास्तरनं सुरू केलं. उजवा हात गात सुटला. डावा दोन सूर नीट चालला, अन् मग तळहात आपोआप दाबायले लागला. चार पट्ट्या एकदम वाजल्या. धाडकन.

पुन्हा. पुन्हा धाडकन.

"मास्तर, त्याले हवा नाई लागत," रुखमाबाई म्हणाली.

मॅडम हसल्या. मास्तर नाही हसला.

"तुमी त्या हाताकडे काऊन पाहून राह्यले? आमी पाहतो का वेचताना? एक हात या झाडावर, एक त्या झाडावर. जो पाह्यला तोच अडकते."

"मावशी, तुमी चाळीस वर्षं वेचलं. मी चाळीस वर्षं हवा मारली."

तरी त्यानं डोळे मिटून पाहिलं. आणखीच बिघडलं. मग त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"नाई होत, मॅडम. खरं सांगू? हे दोन हातांनी मी कधी ऐकलंच नाई. घरी पेटीवर उजवा वेगळा वाजवला, डावा वेगळा, अन् डोक्यातच जुळवलं. राहू द्या बारावा."

मॅडम उठून आल्या. शेजारी बसल्या अन् पानावर पाहून वाजवायले लागल्या. साफ, झरझर. दोन वर्षांत पहिल्यांदा मास्तर स्वतःचा तुकडा ऐकत होता.

"थांबा ना माय!" रुखमाबाई उठून आली. "कायची घाई? हे भरल्या वावरातलं गाणं नोहे. बीटी कापसाले अळी लागत नाई म्हणे. तीन सालामागं गुलाबी अळीनं बोंडंच खाल्ली. उमलतच नव्हती, नखं घालून कापूस काढा लागे. तवाचं हाय हे."

"मग कसं म्हणायचं?" मॅडमनी विचारलं.

रुखमाबाईनं म्हटलं. हळू, दमत दमत. बोंड अडलं की सूरही अडे, निघालं की पुढं जाय. मास्तरनं हे मागंही ऐकलं होतं. पण अवघड दिसावं म्हणून त्यानंच वेग वाढवून लिहिला होता. आता त्याले लाज वाटली.

"या मास्तर, याच चालीनं," मॅडम म्हणाल्या.

तो बसला. डावा हात उशिरा येत होता, पण येत होता. पहिलं पान संपलं. दुसऱ्यावर मात्र सूर दाट होते, तिथं डावा तळहात पुन्हा पट्ट्या दाबायले लागला. मास्तरनं तीनदा उचलून पाहिला. घाम फुटला.

"पहिलं पान घेते," मॅडम म्हणाल्या. "दुसरं नाही."

मास्तरनं मान हलवली. खिशातून पेन काढलं अन् दुसऱ्या पानावर वरून खालपर्यंत काट मारली. सावकाश, एकही ओळ न सोडता.

"झालं ना?" रुखमाबाईनं पिशवी उचलली. "चाला मग, मलकापूरची एसटी निंगून जाईन."