सवालाआधीचा जबाब

छबूबाईची बोलती कधी कुणी बंद केली नव्हती. केली ती नातसुनेनं, आणि तीही अजून घरात यायची होती.

झालं असं, की करणचं लग्न दहा-बारा दिवसांवर आलेलं. करण म्हणजे छबूबाईचा नातू, नागापूरच्या एका कारखान्यात लेथवर असतो. मुलगी राजेश्वरी, त्याच कारखान्यात तयार माल तपासते. शेवगावकडची, शेतकऱ्याची, हिंदू घरातली. तिच्या आईबापांनी वर्षभर तोंड फिरवलं आणि मग पोरीच्या हट्टापुढं नमले. इकडं भिंगारात करणचे वडील आप्पासाहेब चर्चचे पंच, मंडळीचा कारभार बघणाऱ्या पाच जणांतले एक. त्यांनी परस्पर ठरवूनच टाकलं, शनिवारी पोरीचा बाप्तिस्मा, मंगळवारी लग्न. रविवारच्या उपासनेत जाहीर करून मोकळेही झाले. पोरीला विचारलं का? छे. पंच झाले की माणसाला विचारायची सवय राहत नाही.

सुट्टीच्या दिवशी राजेश्वरी छबूबाईजवळ लसूण सोलत बसली होती. सोलता सोलता म्हणाली, "आजी, तुमचाही बाप्तिस्मा लग्नाआधीच झाला होता ना? कसा झाला, सांगा की."

हा छबूबाईचा ठेवणीतला किस्सा. अर्ध्या भिंगारला तो पाठ होता. ती पाथर्डीकडून सतराव्या वर्षी इथं सून म्हणून आली. बाप दरसाल कोयता घेऊन ऊसतोडीला जायचा. सासरचे नात्यागोत्यातलेच, पण दोन पिढ्यांमागं मिशनच्या शाळेत शिकून ख्रिस्ती झालेले. सोयरिकी मात्र चालूच होत्या. लग्नाच्या आदल्या दिवशी तिला चर्चमध्ये पाळकांपुढं, म्हणजे धर्मगुरूंपुढं, उभं केलं. सासूनं बजावलेलं, तीन सवाल होतील, तीनदा व्हय म्हण, जास्ती तोंड उघडू नको. पहिल्या सवालावर ती व्हय म्हणाली, दुसऱ्यावर म्हणाली, आणि तिसऱ्यासाठी पाळकांनी श्वास घेतला तोच हिनं व्हय म्हणून टाकलं. सगळं चर्च हसलं. म्हाताऱ्या पाळकांनी मग तो सवाल विचारलाच नाही. "जबाब आला," म्हणाले आणि डोक्यावर पाणी घातलं.

इथं ऐकणारा हमखास हसतो. राजेश्वरी हसली नाही.

"तिसरा सवाल कुठला होता?"

"येशू तुझा तारनारा हाय, असा तुझा इश्वास हाय का."

"म्हणजे मुख्य तोच राहिला. मग खरं हो तुम्ही कधी म्हणालात?"

छबूबाई लसणाची पाकळी हातात धरून बसून राहिली.

"मी उगाच विचारत नाही, आजी," पोरगी म्हणाली. "शनिवारी मला हो म्हणायचंय आणि माझ्या आत तसं काही नाही. खोटं बोलून तुमच्या घरात येऊ? तुमच्या आत कसं आलं ते सांगा, मी माझ्यात शोधते. नाही सापडलं तर मी उभी राहणार नाही. मग तुमच्या आप्पासाहेबांनी लग्न मोडलं तर मोडलं."

एवढं बोलून ती पुन्हा लसणाला लागली. छबूबाईला ती पोर तिथल्या तिथं आवडून गेली.

पण सांगायचं काय? एकोणपन्नास वर्षं झाली. चर्चचा एक रविवार चुकवला नाही, गाणी तोंडपाठ, नाताळच्या करंज्या हिच्याशिवाय होत नाहीत. यातलं सासूचं किती, नवऱ्याचं किती, आणि आपलं स्वतःचं किती? ती शेजारच्या लंकाबाईकडं गेली. लंकाबाईला तारीख, वार, अंगावरची साडी सगळं पाठ होतं. डिसेंबरातली सभा, तिसरा दिवस, रडू आवरेना, आणि त्याच घडीला येशूला जीव वाहिला. छबूबाईनं स्वतःच्या आयुष्यात असा दिवस शोध शोध शोधला. साड्या आठवल्या, दिवस काही सापडला नाही.

मग तिनं एक उद्योग काढला. भाजीत मिठाचं काय काम आहे ते अळणी खाल्ल्याशिवाय कळत नाही. तसंच करायचं. जेवणाआधी डोळे मिटायचे नाहीत, निजताना प्रार्थना करायची नाही, रविवारी डोकं दुखतंय म्हणून घरी राहायचं. सगळं बंद ठेवून बघू, काय उणं पडतं ते.

काही उणं पडलं नाही. पिठलं पिठल्यासारखंच लागलं, झोप तर उलट बरी लागली. चार दिवस गेले आणि छबूबाईनं धसका घेतला. म्हणजे एवढी वर्षं आत काहीच नव्हतं की काय? नुसतंच लोकांबरोबर उठायचं अन् लोकांबरोबर बसायचं? गंमत म्हणून सुरू केलेलं, आणि आता ती खरोखर भ्याली.

बुधवारी ती बाजारात मेथीच्या जुड्या बघत होती. वरून हिरवीगार जुडी आतून पिवळी निघाली. ती मनातल्या मनात म्हणाली, "बघितलंस का, कसा गळ्यात मारत हुता. आन् ऐक, मी तुज्याशी बोलत न्हाई हे चालूच हाय, इसरू नको."

जुडी हातातच राहिली. हे आपण कुणाला सांगितलं?

मग एकेक आठवायला लागलं. रविवारी अंथरुणात पडून तिनं सांगितलं होतं, डोकं काय दुखत न्हाई माजं, तुला ठाऊक हाय, पोरीसाठी करते. रोज ताटावर बसली की म्हणत होती, आज बी डोळे मिटनार न्हाई, राग धरू नको. चार दिवस अबोला, आणि चारही दिवस त्याच्याकडंच त्या अबोल्याची बातमी पोचवणं चालू होतं.

आणि तो कोण, हे तर विचारायलाच नको. नवरा गेला तेव्हा ह्याच येशूला तिनं नाव घेऊन शिव्या घातल्या होत्या. शिव्या घालायलाही समोर कुणीतरी असावं लागतं.

ती भर बाजारात हसत सुटली. डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं मावशी?" भाजीवाला म्हणाला.

"एकाशी अबोला धरला हुता. त्यालाच सांगत बसले, की मी तुज्याशी बोलत न्हाई म्हनून."

"मग कसला डोंबलाचा अबोला," भाजीवाला म्हणाला आणि जुडी बदलून दिली.

गुरुवारी तिनं हे सगळं राजेश्वरीला सांगितलं. पोरगी म्हणाली, "माझ्यात असं कुणी नाही, आजी. अजून तरी नाही. पण मला हेवा वाटला तुमचा."

"मग शनवारी उभी ऱ्हाऊ नको. आप्पाचं मी बघते."

आप्पासाहेब भडकलेच. मंडळीत जाहीर केलंय, पंचाच्याच घरी असं झालं तर लोक तोंडात शेण घालतील, बाप्तिस्मा नाही तर लग्न नाही, मग करणनं खुशाल कोर्टात जावं. करण म्हणाला, जातो. छबूबाईनं पायात चपला घातल्या आणि सगळ्यांना पाळकांकडं नेलं.

पाळकांचं नाव ज्ञानेश्वर. बाहेरच्यांना नवल वाटतं, भिंगारात कुणाला वाटत नाही. वयानं करणहून दहा-बारा वर्षांनीच मोठे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोघांतलं एक ख्रिस्ती असलं तरी मला लग्न लावता येतं, पंचसाहेब. तिच्या मनात नसताना मी पाणी घालणार नाही. तुम्ही मला आधी विचारलं असतं तर हेच सांगितलं असतं."

"आमच्या आईनं नव्हता घेतला?" आप्पासाहेब म्हणाले. "तिला तरी काय कळत होतं? पुढं झालीच ना ती सगळ्यांसारखी."

"मला इचारलंच नव्हतं," छबूबाई म्हणाली. मग पाळकांकडं वळली. "साहेब, तिसरा सवाल ऱ्हायलाय माजा. तेवढा आज इचारा."

"छबूबाई, बाप्तिस्मा दुसऱ्यांदा होत नाही."

"पानी नको. नुसतं इचारा."

पाळकांनी तिच्याकडं पाहिलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. मग छबूबाईही उठली.

"येशू ख्रिस्त तुमचा तारणारा आहे, असा तुमचा विश्वास आहे का?"

सवाल ऐकायला गेली तर केवढा मोठा निघाला. सतराव्या वर्षी हा ऐकला असता तर आपण पळूनच गेलो असतो, असं तिला वाटून गेलं. तिला घाई करायची नव्हती. राजेश्वरी तिच्या तोंडाकडं बघत होती. नाही म्हटलं तर काय होईल, हेही तिनं नीट मनात आणून बघितलं. नाही म्हणता येत होतं. कुणी तिला धरलं नव्हतं.

"आई, हो म्हण की," आप्पासाहेब कुजबुजले.

"तू गप. तुला न्हाई इचारलं."

मग आणखी थोडा वेळ गेला, आणि ती म्हणाली, "व्हय. हाय माजा इश्वास." आवाज फुटला, पण तिनं तो सावरला नाही.

पाळकांनी डोळे पुसले. मान वर केली तेव्हा त्यांची नजर सहजच आप्पासाहेबांवर गेली. सहजच, त्यात काही नव्हतं. पण आप्पासाहेब दोन पावलं मागं सरले. तान्हेपणी बाप्तिस्मा, चौदाव्या वर्षी चर्चच्या वर्गातल्या सगळ्या पोरांबरोबर ह्याच सवालाला एका सुरात हो, अठरा वर्षं पंच.

"लग्न होऊ द्या तसंच," ते म्हणाले. "पोरीवर माझी काही जबरदस्ती नाही. पण साहेब, तो सवाल मला आज विचारू नका."

कुणी हसलं नाही. छबूबाईला आपला पन्नाशीला टेकलेला पोरगा इतका जवळचा कित्येक वर्षांत वाटला नव्हता. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"न्हाई इचारत," ती म्हणाली. "चल घरी."