बॉनेटवरचं शेवाळ

"हे नको, काका," दुकानदार म्हणाला आणि मी निवडलेलं पॉलिशचं मशीन त्याने माझ्या हातातून काढून परत फळीवर ठेवलं.

"का नको?"

"हे नुसतं गोल फिरतं, आणि जोरात. एका जागी जरा जास्त थांबलात की रंग उडून खाली पत्रा दिसतो. हे गॅरेजवाल्यांनी वापरायचं."

"चाळीस वर्षं पॉलिश करतोय मी."

"कशावर?"

"लाकडावर. दारं, कपाटं, टेबलं."

"मग तर मुळीच नको," तो हसला. "लाकूडवाले दाबतात."

मला राग आला. पण दाबतो हे खरं होतं.

त्याने दुसरं मशीन काढलं. दिसायला तसंच, पण त्याची चकती फिरताना जागच्या जागी डुलते. "हे गरीब आहे. तुम्ही दाबलंत की फिरायचं थांबतं. चकतीच्या कडेला मार्करने एक रेघ मारा. रेघ फिरताना दिसली तर काम चाललंय. दिसायची थांबली तर समजायचं, मिस्त्री रागावलेत."

त्या दुकानात मी शुक्रवारी सकाळी दीड तास उभा होतो. आयुष्यभर दुसऱ्यांना मी सांगत आलो की बाबा रे, कुठल्या लाकडाला कुठलं पॉलिश. आता एक तिशीचा माणूस मला सांगत होता आणि मी मान डोलावत होतो. सोमवारी धाकटी सिस्टर गाडी न्यायला येणार होती. त्याआधी बॉनेटवरचा डाग काढायचा होता, आणि तो मलाच काढायचा होता, कारण तो मीच पाडला होता.

गाडी माझ्या बायकोची. ती नर्स होती, पण दवाखान्यात बसणारी नाही. जे उठू शकत नाहीत त्यांच्या घरी जाणारी. जखमा धुवायच्या, नळ्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची आणि निघताना घरच्यांना चार शब्द समजावून सांगायचे. एकोणीस वर्षं तिने हे काम एकाच लहानशा निळ्या गाडीतून केलं. मला गाडी चालवता येत नाही. मी आयुष्यभर तिच्या शेजारी बसलो.

तिला जाऊन सात महिने झाले. शेवटची तीन वर्षं तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलीला तिची फेरी मिळाली. तिला आम्ही धाकटी सिस्टर म्हणतो. तिच्याकडे गाडी नव्हती. लेक म्हणाली, "बाबा, आईची गाडी तिलाच देऊया. पेशंटही तेच, रस्तेही तेच." मी हो म्हणालो. फक्त डाग राहिला होता.

त्या डागाची गोष्ट अशी. नऊ वर्षांपूर्वी गाडीचा रंग मंद पडायला लागला होता. मला वाटलं, आपण पॉलिशवाले आणि आपल्या बायकोची गाडी अशी भुरकट? एका रविवारी ती आत असताना मी बाहेरच्या दारांना लावतो ते जाड वॉर्निश घेतलं आणि बॉनेटवर ड्रायव्हरच्या बाजूने ब्रश चालवायला सुरुवात केली. सगळं बॉनेट करायचा विचार होता. मोठ्या ताटाएवढा भाग झाला असेल, तेवढ्यात ती बॅग घेऊन बाहेर आली.

"अहो, हे काय चाललंय?"

"चकाकी आणतोय. दोन तास हात लावू नकोस."

"दोन तास? पलीकडच्या आजोबांना श्वास लागलाय."

"अगं ओलं आहे!"

"आजोबाही ओले झालेत घामाने. सरका."

आणि ओल्या वॉर्निशसकट ती गेली. परत आली तेव्हा रस्त्यावरची सगळी धूळ त्यावर बसली होती आणि मध्ये एक माशी होती. पुढे उन्हाने ते वॉर्निश पिवळं झालं. निळ्यावर पिवळं, म्हणजे हिरवट. ती त्याला शेवाळ म्हणायची. तेच नाव पडलं. वाट पाहणारे पेशंट खिडकीतून बघून सांगायचे, शेवाळवाली गाडी आली.

मला मात्र लाज वाटायची. दरवर्षी मी म्हणायचो, काढून टाकतो. ती म्हणायची, "किती दिवस लागतील?" मी म्हणायचो, दोन. "मग दोन दिवस पेशंटनी काय करायचं?" तिथे विषय संपायचा. गाडी कधी दोन दिवस उभी राहिलीच नाही.

आता ती सात महिने उभी होती.

दुकानदाराला मी हे एवढं सगळं सांगितलं नाही. वॉर्निश सांडलं होतं, एवढंच म्हणालो. तो जरा विचारात पडला. "थिनर लावू नका. वॉर्निशबरोबर खालचा रंगही येईल. दोन हजार नंबरचा पॉलिशपेपर घ्या, साबणाच्या पाण्यात भिजवून. खाली रबराचा ठोकळा. घासताना दुधासारखं पिवळट पाणी येतंय तोवर वॉर्निश. निळं दूध आलं की ती गाडी. लगेच थांबायचं."

"आणि नाही थांबलो तर?"

"काका, लाकडावर तुम्ही पॉलिश चढवता. थर चुकला तर आणखी एक थर. इथे उलटं. इथे पॉलिश म्हणजे थोडा रंग काढून टाकणं. काढलेला परत येत नाही. जुन्या गाडीवर आधीच कमी उरलेला असतो."

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. मी पिशवी भरली. पेपर, ठोकळा, चिकटपट्टी, घासणारं एक जाड मलम आणि त्यामागून लावायचं एक बारीक मलम, कडक स्पंज, मऊ स्पंज, शेवटी लावायचं मेण, आणि मऊ लवेची सहा फडकी, कडेला शिलाई नसलेली. शिलाईनेसुद्धा ओरखडा येतो म्हणे.

"माझ्याकडे सुती कापड आहे घरी," मी म्हणालो. "मऊ आहे."

"ते टेबलांना ठेवा."

ते कापड बायकोच्या जुन्या युनिफॉर्मचं. धुऊन धुऊन विरलेलं पांढरं सूत. माझ्या सगळ्या धंद्यात मी दुसरं कापड वापरलं नाही. लोक विचारायचे, मिस्त्री, एवढं गुळगुळीत कसं होतं? मी सांगायचो, कापडात आहे.

शनिवारी सकाळी गाडी धुतली, झाडाच्या सावलीत घेतली. म्हणजे लेकीने घेतली. बॉनेटच्या कडांना चिकटपट्टी लावली, कारण कडेला रंग सगळ्यात पातळ असतो. दाराच्या आतल्या बाजूला युनिफॉर्मच्या चिंधीवर थोडं मलम घेऊन घासून पाहिलं. चिंधी निळी झाली. नव्या गाड्यांना असतो तसा वर काचेसारखा थर नाही, नुसता रंग आहे, एवढं कळलं. चूक करायला जागा नव्हती.

"बाबा, अजूनही गॅरेजमध्ये देऊ शकतो," लेक म्हणाली.

"गॅरेजवाल्याने लावलंय का ते?"

"हात थरथरतो तुमचा."

"चहा धरताना थरथरतो. काम धरताना नाही."

"आई असती तर काय म्हणाली असती ठाऊक आहे ना?"

"काय?"

"सरका."

आम्ही दोघंही हसलो. मग ती पाण्याची बाटली घेऊन समोर उभी राहिली आणि मी सांगेन तिथे शिंपडायला लागली.

पेपर एका दिशेने, सरळ. पिवळट दूध यायला लागलं. नऊ वर्षांची धूळ त्यात होती. ती माशीसुद्धा त्यातच गेली. अर्ध्या तासाने पेपरचा आवाज बदलला. दुकानदाराने आवाजाचं काही सांगितलं नव्हतं. वॉर्निशवर पेपर कुरकुरतो, ते संपत आलं की नुसता सरकतो. हे मला लाकडाने शिकवलंय. मी हात उचलला.

"अजून निळं आलं नाही, बाबा."

"येईल. पूस."

तिने पुसलं.  मी चष्मा वर करून वाकून पाहिलं. वॉर्निश गेलं होतं. फडक्याच्या टोकाला निळी सावली होती, तेवढीच. चाळीस वर्षांत मी पुष्कळ चांगली कामं केली, पण ते थांबणं माझ्या सगळ्यात चांगल्या कामांत धरायला हरकत नाही.

रविवारी मशीन. कडक स्पंज, त्यावर वाटाण्याएवढे मलमाचे चार ठिपके. सुरू केलं आणि रेघ थांबली. दुकानदार म्हणाला तसंच झालं, मी दाबत होतो. हात हलका केला, रेघ फिरली. दोन फूट गेलो, पुन्हा थांबली. चाळीस वर्षांची सवय.

शेवटचे काही आठवडे बायको अंथरुणात होती. तिची पाठ मी पुसायचो. एकोणीस वर्षं लोकांना जे शिकवलं ते तिने मला शेवटी शिकवलं. कातडी नाजूक झाली होती. ती भिंतीकडे तोंड करून म्हणायची, "दाबू नका हो. हात नुसता ठेवा. त्याच्या वजनाने जाईल तेवढं जाऊ द्या." पहिल्या दिवशी जमलं नाही. चौथ्या दिवशी ती पुसता पुसता झोपली.

मी मशीन नुसतं ठेवलं. रेघ फिरत राहिली, अगदी टोकापर्यंत.

संध्याकाळपर्यंत सगळी गाडी झाली. मेण लावून पुसलं तेव्हा झाडाची फांदी बॉनेटमध्ये पानं मोजता येतील अशी दिसत होती. लेकीने दोन वेळा फोटो काढले. मीही एक काढायला लावला, गाडीशेजारी उभा राहून.

पण एक गोष्ट राहिली होती. जिथे वॉर्निश होतं तिथल्या रंगाला नऊ वर्षं ऊन लागलं नव्हतं. बाकीची गाडी चकाकत होती, पण तेवढा ताटाएवढा भाग जास्त गडद, नव्या गाडीसारखा निळा होता. ब्रश जिथे थांबला ती वाकडी कडसुद्धा दिसत होती. मी खूप वेळ बघत राहिलो. सारखं करायचं तर तिथला रंग आणखी काढावा लागला असता. मी मशीन पुसून ठेवलं.

सोमवारी सकाळी धाकटी सिस्टर आली. फाटकातच थांबली.

"काका, शेवाळ काढलंत?"

मला वाटलं होतं ती खूश होईल. तिचा चेहरा उतरला होता.

"डाग होता तो," मी म्हणालो.

"सिस्टर तर सगळ्यांना दाखवायच्या. माझ्या नवऱ्याने केलंय म्हणायच्या. तो लाकडाचं काम फार सुंदर करतो, म्हणायच्या, पण गाडी काही लाकडाची नाही." ती थोडी हसली. "लोक शेवाळ बघून दार उघडतात, काका. आता मला कसं ओळखणार?"

एकोणीस वर्षं मी बायकोच्या शेजारी बसलो, पण लोकांच्या घरात शिरल्यावर ती माझ्याबद्दल काय बोलते हे मला ठाऊक नव्हतं. मी धाकट्या सिस्टरला हाताने खुणावलं आणि उन्हाच्या बाजूने उभं केलं.

"इथून बघ."

तिने मान तिरकी करून पाहिलं. मग बोट, रंगाला न लावता, हवेतच त्या वाकड्या कडेवरून फिरवलं.

"आहे की," ती म्हणाली.

किल्ली घ्यायला दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून तिने बॅग बॉनेटवर ठेवली. नेमकी तिथेच, जिथे बायको ठेवायची. त्यावरून मी बायकोवर किती वेळा ओरडलो असेन. बकल खरकन वाजलं. तिने दचकून बॅग उचलली. निळ्यावर केसाएवढी पांढरी रेघ उठली होती.

"अगं बाई! काका, सॉरी. तुम्ही दोन दिवस..."

"राहू दे," मी म्हणालो. "कामाची गाडी आहे, कपाट नाही."

हे वाक्य माझं नव्हतं; मी ओरडलो की बायको हेच म्हणायची. धाकट्या सिस्टरने ते ओळखलं असावं, कारण तिने हसून किल्ली घेतली.

ती आत बसली. पाय नीट मावेनात. सात महिन्यांत गाडी कितीदा पुढेमागे झाली, पण लेक आईएवढीच आहे, त्यामुळे सीटला कोणी हात लावला नव्हता. धाकटी सिस्टर उंच आहे. तिने खाली हात घालून सीट मागे सरकवली. खट्ट, खट्ट, खट्ट.

मग आरसा सारखा केला आणि मला विचारलं, "येताय कोपऱ्यापर्यंत?"

मी पलीकडून जाऊन माझ्या जागी बसलो.