आडव्या माणसाचं वजन

मी नवापूरच्या किनाऱ्यावरचा एक जुना तबकडीचा वजनकाटा आहे. मित्रांनो, खाऱ्या वाऱ्याने माझा पत्रा गंजला आहे आणि काच तडकली आहे, पण माझी सुई जिथे थांबते तेच खरं वजन असतं. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

जमनाने मला पालघरच्या दुकानातून आणलं तेव्हा मी हिरवागार, नवाकोरा होतो. तिची स्वतःची बोट नाही. बोटवाले मासळी आणतात, ती माझ्यावर मोजून घेते आणि बोईसरला नेऊन विकते. तिचं घर या व्यवहारावर चालतं, आणि व्यवहार चालतो माझ्यावरच्या विश्वासावर.

तिचा मुलगा हितेश कुंभवलीकडे कारखान्यात जातो. त्याला व्यायामाचं भारी वेड. एका सकाळी बोटी लागल्या होत्या, पाट्या उतरत होत्या, आणि हा आपल्या मित्राशी, मिथुनशी हुज्जत घालत होता.

“पुशअप मारताना मी माजं अख्खं वजन उचलतो.”

“पूरा नहीं उठता, भाई,” मिथुन म्हणाला.

झालं. हितेश माझ्यावर उभा राहिला. साठ किलो. मग त्याने तळवे माझ्यावर टेकले, पाय मागे रेतीत ताणले आणि अंग सरळ धरलं. माझी सुई एकोणचाळीसवर थांबली. तो छाती खाली घेऊन थांबला तर पंचेचाळीस. लोक हसले.

कमलाकांत मात्र हसला नाही. सगळ्यात मोठी बोट त्याची. तो म्हणेल ते बाकीचे बोटवाले ऐकतात.

“जमने, एकवीस किलो गेलं कुटं?” त्याने विचारलं. “तुजा काटा उबा माणूस खरा दाखवतो, आडवा झाला का वजन खातो. आमची मासळी आडवीच पडते ना याच्यावर?”

शेजारी मासळी मोजून घेणाऱ्या नवसीने फणकाऱ्याने आपला काटा पुढे सरकवला. हितेशने त्यावर हात टेकले. तिथेही एकोणचाळीस. आता तर आगीत तेलच पडलं. दोन्ही काटे खोटे, असं म्हणत बोटवाले आपल्या पाट्या उचलून परत बोटीकडे नेऊ लागले.

“तुज्या पोरानं माजंबी नाव घालवलं,” नवसी जमनाला म्हणाली.

जमना माझ्यापाशी उकिडवी बसली. तिने तबकडीवर बोटाने टकटक केलं. “खाल्लंस का रे तू लोकांचं?” ती हळूच म्हणाली. इतकी वर्षं मी तिची मासळी मोजली, आणि तिला माझा संशय आला. मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला फार लागलं ते.

हितेश घाबरून अजून तसाच नवसीच्या काट्यावर हात टेकून आडवा होता. त्याचे दंड थरथरत होते आणि पायाची बोटं रेतीत रुतली होती. जमनाची नजर त्या बोटांवर गेली आणि ती ताडकन उठली.

“कमलाकांतदादा, लांब वाम मासा एका काट्यावर मावत नाय, तवा तुमी कशी मोजता?”

“डोकं एकावर, शेपटी दुसऱ्यावर. मंग बेरीज.”

“मंग माजा पोरगा वाम हाय असं समजा.”

तिने नवसीचा काटा ओढत नेऊन हितेशच्या पायांखाली सरकवला आणि त्याचे हात माझ्यावर ठेवले. माझ्यावर एकोणचाळीस, पायांकडे एकवीस. कमलाकांतने त्याला खाली जाऊन थांबायला सांगितलं. माझ्यावर पंचेचाळीस, पायांकडे पंधरा. मिथुनने गुडघे टेकून बघितलं, तर माझ्याकडे त्याचं जेमतेम निम्मंच वजन आलं. बाकीचं गुडघ्यांनी पेललं. पुशअपमध्ये माणूस आपलं सगळं वजन उचलत नाही. एक वाटा पाय गुपचूप सांभाळत असतात.

कमलाकांतने दोन्ही तबकड्यांवरच्या आकड्यांची बेरीज केली. दोन्ही वेळा साठच. त्याने माफी मागितली नाही. त्याने बोटीकडे चाललेली आपली पाटी परत बोलावली, स्वतःच्या हाताने माझ्यावर ठेवली आणि म्हणाला, “मोज, जमने.”

जमनाने आधी पदराने माझी काच पुसली.

मित्रांनो, आम्हा काट्यांना थोडं तेल द्या, अंगावरचं मीठ पुसा, एवढ्यावर आम्ही खूप वर्षं राबतो. आणि आमच्याकडे आकडा कमी दिसला, तर आम्हाला खोटं ठरवण्याआधी एकदा खाली वाकून बघा, उरलेला भार कोण उचलतंय.